जुना फोन, लॅपटॉप विकताय? आतली माहिती खरंच पुसली गेली आहे का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. मुदतवाढ घेतलेले लोक सोडले, तर बाकीच्यांच्या लॅपटॉपला आता सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळत नाही. त्यातले बरेच लॅपटॉप विंडोज ११ चालवू शकत नाहीत. म्हणून ते विकायला निघाले आहेत. दसरा-दिवाळी आणि पाडव्याला मोबाइलच्या एक्स्चेंज ऑफर असतातच. कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत दुकानात जायचं, जुना फोन काउंटरवर ठेवायचा, सिम काढून घ्यायचं. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "रीसेट मारून देतो," आणि आपण नवा फोन घेऊन बाहेर पडतो.

याबाबत लोक दोन टोकांना दिसतात. काही जण गॅलरीतले फोटो डिलीट करून निर्धास्त होतात. काही जण इतके धास्तावलेले असतात, की चार-चार जुने फोन वर्षानुवर्षं कपाटात ठेवतात, विकतही नाहीत आणि देतही नाहीत. माझ्या मते दोघांचाही अंदाज चुकतो. गेल्या काही वर्षांतला स्मार्टफोन पुसायला सगळ्यात सोपा आहे आणि नीट पुसला तर बिनधास्त विकावा. माहिती बाहेर जाते ती ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं तिथून: जुना कॉम्प्युटर, मेमरी कार्ड, बंद पडलेला फोन, ऑफिसातलं झेरॉक्स मशीन.

डिलीट केल्यावर आत काय होतं?

फोन असो की कॉम्प्युटर, प्रत्येक फाइल कुठल्या जागेवर ठेवली आहे याची एक नोंदवही आत असते. आपण डिलीट करतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त या नोंदवहीतली ओळ खोडली जाते. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातला ऊस तुटत नाही, तो उभाच असतो. कागदावर जमीन मोकळी दिसते, पण बांधावर जाऊन पाहिलं तर सगळं पीक जागच्या जागी. त्या जागेवर दुसरी फाइल लिहिली गेली, म्हणजे नांगर फिरवून नवं पीक घेतलं, तरच जुनं जातं. रिसायकल बिन रिकामा करणं आणि 'क्विक फॉरमॅट' मारणं हीसुद्धा सातबाऱ्यावरचीच खाडाखोड आहे.

हे स्वतः पाहायचं असेल तर एखादं जुनं मेमरी कार्ड घ्या, कॅमेऱ्यातून किंवा कॉम्प्युटरवरून फॉरमॅट करा आणि 'फोटोरेक' हा मोफत प्रोग्रॅम त्यावर चालवा. हा प्रोग्रॅम नोंदवही पाहतच नाही. तो कार्डाचा तुकडा न् तुकडा वाचत जातो आणि ओळखीच्या खुणा शोधतो. जेपीईजी प्रकारच्या प्रत्येक फोटोची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते, ती खूण सापडली की तिथून पुढचा मजकूर उचलून वेगळी फाइल करतो. फोल्डरमध्ये मूळ नावं येत नाहीत. 'एफ' अक्षर आणि पुढे लांबलचक आकडे अशी नावं एकाखाली एक येऊ लागतात. पण फाइल उघडली की वाढदिवसाचा केक, आधार कार्डाचा काढलेला फोटो, शाळेचा दाखला, सगळं स्पष्ट दिसतं. यासाठी ना प्रयोगशाळा लागते ना खास शिक्षण. घरचा लॅपटॉप आणि एक दुपार पुरते.

२००३ मध्ये अमेरिकेत एमआयटीतल्या सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलट यांनी हाच मुद्दा मोठ्या प्रमाणावर तपासला. त्यांनी सेकंडहँड बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या सापडल्या फक्त १२. उरलेल्यांतून त्यांना हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक मिळाले. विकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी आपापल्या परीनं डिलीट किंवा फॉरमॅट केलेलं होतं.

मग फोनचं फॅक्टरी रीसेट तरी पुरेसं आहे का?

आजच्या फोनमध्ये पुरेसं आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अलीकडच्या फोनमध्ये माहिती आहे तशी साठवली जात नाही, तिचं आधी सांकेतीकरण होतं. सांकेतीकरण म्हणजे एका लांबलचक गुप्त आकड्याच्या मदतीनं मजकूर असा विस्कटणं, की तो आकडा नसेल तर कुणालाही त्यातून अर्थ लावता येणार नाही. या आकड्याला किल्ली म्हणतात. फोनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायला ७८ अंकी संख्या लागते. एकेक करून पाहायचं म्हटलं तर जगातले सगळे कॉम्प्युटर लावूनही ते होणारं काम नाही.

रीसेट करताना फोन ही किल्लीच नष्ट करतो. चिपवर उरलेला मजकूर त्यानंतर निरर्थक बाइट्सचा ढीग होतो. म्हणूनच २५६ जीबीचा फोन काही मिनिटांत पुसला जातो. तेवढ्या वेळात प्रत्येक कोपरा नव्यानं लिहून निघतो असं नाही, पण तशी गरजही राहत नाही. आयफोनमध्ये ही व्यवस्था २००९ च्या थ्रीजीएस मॉडेलपासून आहे. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनना, अगदी स्वस्तातल्या मॉडेललासुद्धा, सांकेतीकरण सक्तीचं आहे.

"पण रीसेट केलेल्या फोनमधून फोटो परत काढतात असं वाचलंय की!" बरोबर वाचलंय, पण ते जुन्या फोनबद्दल आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सिमॉन आणि रॉस अँडरसन यांनी २०१५ मध्ये पाच कंपन्यांचे २१ सेकंडहँड अँड्रॉइड फोन तपासले. ते अँड्रॉइड २.३ ते ४.३ या आवृत्त्यांवर चालणारे होते. रीसेटनंतरही त्यांतून मेसेज, संपर्क आणि गुगल खात्यात शिरण्याची गुप्त नोंदसुद्धा परत मिळू शकली. तुमच्या कपाटात त्या काळातला फोन असेल तर भीती खरी आहे. सेटिंगमध्ये 'एन्क्रिप्ट फोन' असा पर्याय असेल तर आधी तो चालवा, मगच रीसेट करा. तो पर्याय नसेल तर असा फोन विकू नका. त्याचे चारशे-पाचशे रुपये आले काय न् गेले काय.

रीसेटच्या आधी काय करायचं?

क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी नव्या फोनवर सगळं आलं आहे याची खात्री करा. व्हॉट्सअॅपच्या गप्पा, संपर्क, फोटो तर बघालच, पण ओटीपी तयार करणारं एखादं अॅप वापरत असाल तर त्यातली खाती आधी नव्या फोनवर न्या. जुना फोन पुसल्यावर ती परत मिळवताना नाकी नऊ येतात.

इथे एक फसगत फार होते. विकण्याआधी म्हणून माणूस जुन्या फोनवर बसून एकेक फोटो डिलीट करतो. फोन गुगल फोटोज किंवा आयक्लाउडशी जोडलेला असेल तर तिथलेही फोटो त्याबरोबर जातात आणि नव्या फोनवरूनही गायब होतात. गुगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, तेवढ्यात लक्षात आलं तर वाचतात. त्यामुळे हातानं काहीही डिलीट करायच्या भानगडीत पडू नका. ते काम रीसेटवर सोडा.

त्यानंतर गुगल खातं फोनमधून काढा. आयफोन असेल तर 'फाइंड माय' ही हरवलेला फोन शोधायची सोय बंद करा. ही पायरी विसरली, तर फोन पुसला तरी घेणाऱ्याच्या हातात तो जुन्या मालकाचं खातं मागत बसतो. चोरीला आळा बसावा म्हणून २०१३ पासून आयफोनमध्ये आणि २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये ही सोय आली. मग घेणारा तुम्हाला फोन करतो आणि पासवर्ड मागतो. तो कधीही देऊ नका. आयफोन असेल तर आपलं खातं आपल्या नव्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून त्या यंत्रापासून तोडता येतं.

यूपीआय अॅपमधून बाहेर पडा. यूपीआय पिन फोनमध्ये साठवलेला नसतो, त्यामुळे त्याची धास्ती नको. सिम काढा. ई-सिम असेल तर आधी ते नव्या फोनवर घ्या, मग रीसेट करताना जुन्यातलं पुसण्याचा पर्याय निवडा. आणि मेमरी कार्ड काढा. सांकेतीकरण फोनच्या आतल्या साठ्याला असतं, कार्डावरचे फोटो बहुधा उघडेच असतात. कार्ड फोनबरोबर देऊ नये असं मी ठामपणे म्हणेन. नवं कार्ड काही शे रुपयांत येतं.

एवढं झालं की सेटिंगमध्ये जाऊन रीसेट करा. फोन पुन्हा सुरू होऊन भाषा निवडण्याच्या पडद्यावर आला आणि पुढे जुनं खातं मागत नसेल, तर काम झालं.

"दुकानदार स्वतःच रीसेट करून देतो ना?"

देतो, आणि बहुतेक जण प्रामाणिकपणे देतात. पण त्यासाठी फोन उघडून त्याच्या हातात द्यावा लागतो. दुरुस्तीला फोन देतानाचं दृश्य आठवा. पावतीच्या कोपऱ्यात नऊ ठिपके काढलेले असतात आणि ग्राहक सांगेल तसा पॅटर्न त्यावर पेननं ओढला जातो. ती पावती फोनला रबर लावून गुंडाळलेली असते आणि दिवसभर टेबलावर असते. सांकेतीकरण कितीही भक्कम असलं तरी पॅटर्न माहीत असलेल्या माणसासमोर त्याचा उपयोग शून्य. विकताना रीसेट घरीच करा. दुरुस्तीला देताना शक्य असेल तर आधी बॅकअप घेऊन फोन पुसून द्या. सॅमसंगच्या काही फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड', तर गुगलच्या पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' असतो, तो चालू केला की दुरुस्ती करणाऱ्याला तुमची माहिती दिसत नाही.

कॉम्प्युटरचं प्रकरण वेगळं आहे

खरा धोका इथे आहे. घरोघरी आणि दुकानोदुकानी चालणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये सांकेतीकरण बहुधा चालू नसतं. शिवाय आपल्याकडे डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडायची पद्धत आहे. विंडोज सी ड्राइव्हवर असतं, आणि टॅलीचा हिशेब, जीएसटीचे कागद, लग्नाचे फोटो, सोसायटीच्या सभासदांच्या याद्या डीवर. विकताना कुणीतरी विंडोज नव्यानं टाकून देतं. पडदा कोरा करकरीत दिसतो, आणि डी ड्राइव्ह आहे तशीच शाबूत असते. त्यासाठी फोटोरेकसुद्धा लागत नाही, नुसतं उघडून बघायचं.

विंडोज १० आणि ११ मध्ये 'रीसेट धिस पीसी' नावाची सोय आहे. त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा, पण तिथे थांबू नका. पुढे 'चेंज सेटिंग्ज' असं बारीक अक्षरात येतं, त्यात 'क्लीन डेटा' चालू करा आणि सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइल पुसण्याचा पर्यायही निवडा. 'क्लीन डेटा' बंद ठेवलं तर केवळ नोंदी जातात. चालू ठेवलं तर वेळ बराच लागतो, मोठ्या डिस्कला कित्येक तास. रात्री चार्जर लावून सोडून द्यावं. नुसती बाहेरून जोडलेली डिस्क पुसायची असेल, तर फॉरमॅट करताना 'क्विक' समोरची खूण काढा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केलं की अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात.

अॅपलच्या अलीकडच्या मॅकबुकमध्ये फोनसारखीच व्यवस्था आहे. मॉन्टेरे आवृत्तीपासून 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' हा पर्याय मिळतो, तो पुरेसा आहे.

पस्तीस वेळा पुसावं लागतं का?

ही समजूत अजून फिरते. १९९६ मध्ये पीटर गुटमन यांनी ३५ वेळा वेगवेगळ्या रचनांनी लिहिण्याची पद्धत मांडली होती. ती त्या काळातल्या डिस्कसाठी होती, आणि आजच्या डिस्कवर तसं करण्यात अर्थ नाही हे पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या मार्गदर्शनानुसारही फिरत्या चकतीच्या आजच्या हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण लिहून काढणं सर्वसाधारणपणे पुरेसं आहे. एक टीबीची डिस्क एकदा लिहायला दोन-तीन तास जातात. पस्तीस वेळा म्हणजे तीन-चार दिवस यंत्र उगाच चालवणं.

एसएसडी असेल तर?

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये फिरती चकती नसते, चिपवर साठवण असते. तिला एसएसडी म्हणतात. या चिपचा प्रत्येक भाग ठरावीक वेळाच लिहिता येतो. म्हणून आतलं नियंत्रण लिहिण्याची जागा सतत बदलत राहतं, आणि काही जागा राखीवही ठेवतं. आपण वरून शून्यं लिहायला सांगितली तरी ती जुन्या जागेवरच पडतील याची हमी नसते. राखीव जागेतला मजकूर तसाच राहू शकतो. म्हणून एसएसडीला डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं दिलेली 'सिक्युअर इरेज' सोय वापरावी. काही लॅपटॉपच्या बायोसमध्येही, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्येही, ती असते.

त्याहून चांगला उपाय म्हणजे लॅपटॉप विकत घेतल्या दिवशीच सांकेतीकरण चालू करणं. विंडोजमध्ये त्याला बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. मग विकताना फोनप्रमाणे किल्ली नष्ट केली की झालं. मात्र त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घरात जपून ठेवा, नाहीतर एक दिवस आपणच बाहेर राहू.

बंद पडलेलं, भिजलेलं, भंगारातलं

"चालूच होत नाही, त्यातून कोण काय काढणार?" हा समज आपल्या कोल्हापुरात विशेष महागात पडू शकतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी भागात पंचगंगेचं पाणी दुकानांत शिरलं. पाण्यात गेलेला कॉम्प्युटर भंगारात देताना आतल्या डिस्कचा विचार कोण करतं? पण कॉम्प्युटरचा बोर्ड जळला म्हणून डिस्क मरत नाही. ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते. चिखलपाण्यातून निघालेल्या डिस्कमधूनही डेटा परत मिळवणारे व्यावसायिक असतात.

त्यामुळे कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी डिस्क काढून घ्या. पेचकस आणि पाच मिनिटं लागतात. चालत असेल तर पुसा. चालत नसेल तर फोडा. फिरत्या चकतीची असेल तर उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ड्रिलनं चकत्यांच्या आरपार चार-पाच भोकं पाडून मिळतील. चकत्या काचेच्याही असतात, तुकडे उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच. एसएसडीमध्ये मात्र प्रत्येक चिप फुटली पाहिजे, कुठेतरी एक भोक पाडून भागत नाही. घरातलं लोहचुंबक फिरवण्याचा दोन्हींना उपयोग नाही. आणि मोबाइलला कधीही ड्रिल लावू नका, हातोडाही मारू नका. आत लिथियमची बॅटरी असते, ती पेट घेते.

बंद पडलेला फोन असेल तर? नवा स्क्रीन घालून तो दहा मिनिटं चालू होणार असेल, तर तेवढा खर्च करून रीसेट करावा. चालूच होणार नसेल, पण फोन अलीकडचा असेल आणि त्याला सहा अंकी पिन असेल, तर आतला मजकूर सांकेतिकच आहे. पिन कुणाला सांगू नका, खात्यातून ते यंत्र काढा आणि अधिकृत ई-कचरा संकलनाला द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार ई-कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

"भंगारवाल्याकडे एवढी अक्कल कुठे?" असंही लोक म्हणतात. भंगार एका हातात राहत नाही हे ते विसरतात. मॉर्गन स्टॅनली या अमेरिकी वित्तसंस्थेनं जुनी यंत्रं मोडीत काढायचं काम या क्षेत्राचा अनुभव नसलेल्या सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं होतं. त्यातली काही यंत्रं ग्राहकांच्या माहितीसकट इंटरनेटवरच्या लिलावात पोहोचली. २०२२ मध्ये त्यापोटी साडेतीन कोटी डॉलरचा दंड झाला.

झेरॉक्स मशीन आणि डीव्हीआर

ऑफिसातल्या मोठ्या डिजिटल झेरॉक्स मशीनमध्येही बऱ्याचदा हार्ड डिस्क असते आणि स्कॅन केलेल्या पानांच्या प्रती तिच्यावर राहू शकतात. अमेरिकेत अॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेनं भाड्याची मशीन न पुसता परत केली. त्यात रुग्णांची माहिती निघाली आणि २०१३ मध्ये बारा लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून वकिलांच्या कचेऱ्यांतली कागदांची ये-जा वाढली आहे. मशीन भाड्यानं घेतलं असेल तर परत करताना डिस्कचं काय होणार हे करारात लिहून घ्या. मशीनच्या मेनूत डिस्क पुसण्याचा पर्याय असतो का, तेही विचारा.

गुजरीतल्या सराफानं सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर बदलला, तर जुन्यातली डिस्क स्वतःकडे ठेवावी. जुनी गाडी विकताना तिच्या पडद्यावरून ब्लूटूथनं आलेले संपर्क पुसावेत. स्मार्ट टीव्हीही रीसेट करूनच द्यावा.

"माझ्या फोनमध्ये लपवण्यासारखं काय आहे?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण फोनमध्ये फक्त आपण नसतो. त्यात बायकोचे, मुलीचे फोटो असतात, वडिलांच्या तपासण्यांचे रिपोर्ट असतात, मित्रानं विश्वासानं पाठवलेलं पॅन कार्ड असतं. शिकवणी घेणाऱ्या बाईंच्या फोनमध्ये वर्गातल्या सगळ्या पालकांचे नंबर असतात. त्यांच्या वतीनं बेफिकीर राहायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

डॉक्टर, सीए, पतसंस्था, क्लासवाले यांच्यासाठी तर हा कायद्याचाही विषय होतो आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. ग्राहकांची माहिती असलेला कॉम्प्युटर न पुसता विकणं ही उघड कसूर आहे.

आधीच विकून झाला असेल तर?

न पुसता दिला असेल तर पासवर्ड बदलायच्या आधी दुरून पुसायचा प्रयत्न करा. अँड्रॉइडसाठी गुगलची, आयफोनसाठी आयक्लाउडची 'फाइंड' सेवा उघडून ते यंत्र निवडा आणि 'इरेज' म्हणा. फोन इंटरनेटला जोडलेला असेल आणि तुमचं खातं अजून त्यात असेल तरच हे चालतं, म्हणून ते आधी. त्यानंतर गुगल किंवा अॅपल खात्याचा पासवर्ड बदला, यंत्रांच्या यादीतून जुना फोन काढा. बँकेच्या अॅपमध्ये, ईमेलमध्येही तेच करा. आधारची बायोमेट्रिक माहिती यूआयडीएआयच्या अॅपवरून लॉक करता येते. पैसे गेल्याचं दिसलं तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करा.

विकताना दुकानदाराकडून तारीख आणि फोनची ओळख असलेला आयएमईआय क्रमांक लिहिलेली पावती घ्या. हा १५ अंकी क्रमांक स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केल्यावर पडद्यावर दिसतो. पुढे तो फोन एखाद्या गुन्ह्यात सापडला आणि पोलीस तुमच्या दारात आले, तर त्या दिवसापासून फोन तुमच्याकडे नव्हता हे त्या कागदावरून दाखवता येईल.